कापलेली तीन हजार वर्षं

लहानपणी पिच्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं. आम्हा पोरांचं लक्ष त्यात दोनच गोष्टींवर. एक, रिळं किती. सोळाच्या वर आकडा दिसला की तंबूत शिट्ट्या, पैसे वसूल. दुसरी, खालच्या डाव्या कोपऱ्यातला त्रिकोण. तो असला की मागून कुणीतरी मोठा माणूस म्हणायचा, "कापलाय रे." त्रिकोण म्हणजे बोर्डाने कात्री लावलेला पिच्चर. काय कापलं असेल यावर घरी जाईपर्यंत आमची चर्चा. आमच्या मते कापलेलं एकतर नाचाचं असणार, नाहीतर मारामारीचं. इतिहास पण कापतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आज लिहायला बसलोय ते एका भांडणावरून. मागं आमच्या विहारात अभ्यासवर्गाच्या पोरांनी 'फुले' या हिंदी पिच्चरवर चर्चा ठेवली होती. बोर्डाने त्यातून कुठले शब्द काढायला लावले ते मी वाचून दाखवलं. 'महार' काढा. 'मांग' काढा. 'पेशवाई' काढा. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा. पोरं चिडली. पण एक जण, हुशार पोरगा, इंजिनिअरिंगला आहे, तो शांतपणे म्हणाला, "दादा, बरंच झालं की. थेटरात जातीचं नाव निघालं की माझी मान खाली जाते. सोबत कॉलेजचे मित्र असतात."

मी त्याच्यावर ओरडलो. ओरडणं हे काही उत्तर नव्हे. नीट उत्तर त्या रात्री मला देता आलं नाही. ते इथं देतो.

आधी घडलं काय ते बघू. अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीलाच लागणार होता. ट्रेलर आला, काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, आणि पिच्चर पुढे ढकलून २५ एप्रिलला आला. बोर्डाने सुचवलेले बदल वर्तमानपत्रांत छापून आले. वर सांगितलेले शब्द गेलेच. त्याशिवाय शूद्राने झाडू बांधून चालावं अशा अर्थाचं वाक्य होतं, त्याच्या जागी सगळ्यांपासून अंतर राखून राहावं अशा अर्थाचं वाक्य आलं. आणि तीन हजार वर्षांची गुलामी होती, ती झाली 'कित्येक वर्षांची' गुलामी. दिग्दर्शकाने याला कट म्हटलं नाही, दुरुस्त्या म्हटलं. शब्द कसे वापरतात बघा. गावात आपल्या झोपड्या उठवतात तेव्हा त्याला पण अतिक्रमण हटाव म्हणतात.

त्याच वर्षी १ ऑगस्टला शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' आला. मूळ पिच्चर तमिळ, मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ', २०१८ चा. कायद्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोराची गोष्ट. याच्यात सोळा बदल. जातीवाचक शब्द गेले. आणि पुन्हा तेच! पात्राच्या तोंडी तीन हजार वर्षांच्या अनुशेषाची भाषा होती, ती बदलून 'शतकानुशतकांचा भेदभाव' करण्यात आली.

दोन वेगळे पिच्चर. एक एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याचा, एक आजच्या कॉलेजचा. दिग्दर्शक वेगळे. पण चार महिन्यांत दोन्हीकडे कात्री येऊन थांबली ती एकाच आकड्यावर. तीन हजार.

आकड्याची एवढी भीती का? कारण आकडा म्हणजे आरोपपत्र. तीन हजार म्हटलं की कुणीतरी विचारणार, कधीपासून, कुणी, कुठल्या ग्रंथाच्या आधाराने? एखादा इतिहासकार म्हणेल, तीन नाही, दोन हजार म्हणा. जरूर म्हणा. वाद घाला, पुरावे आणा, पुस्तकं उघडा. आकड्याशी वाद घालता येतो. 'कित्येक वर्षं' याच्याशी काय वाद घालणार? कित्येक वर्षांची तर माझी सर्दी पण आहे. जिथं आकडा नाही तिथं तारीख नाही, तारीख नाही तिथं आरोपी नाही. अन्याय पावसासारखा आपोआप पडत होता असं वाटतं. आपण भिजलो, एवढंच.

तेच झाडूचं. कमरेला झाडू बांधून चालणं म्हणजे आपली पावलं आपणच पुसत जाणं. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचं निर्मूलन' या भाषणात पेशव्यांच्या पुण्यातला हा नियम लिहून ठेवलाय, गळ्यातल्या मडक्यासकट. ते भाषण १९७९ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात छापलं. म्हणजे एक सरकार जे छापतं, ते दुसऱ्या सरकारचं बोर्ड पडद्यावरून काढतं. पुस्तकात चालतं, कारण पुस्तक आपण वाचतो. पडद्यावर चालत नाही, कारण पडदा सगळे बघतात. 'अंतर राखा' या वाक्यात झाडू नाही, मडकं नाही, पेशवा नाही. अंतर काय, एसटीच्या रांगेत पण राखतात.

ही कात्री नवी नाही. १९३५ साली प्रभातने संत एकनाथांवर पिच्चर काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात, ही त्यातली मुख्य गोष्ट. नाव ठेवलं होतं 'महात्मा'. मुंबईच्या सेन्सॉरने अडवलं. नाव बदलून 'धर्मात्मा' झालं, काटछाट झाली, मग पास. तेव्हा सेन्सॉर इंग्रजांचं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण कात्री हातातून हातात गेली तरी कापायची जागा बदलली नाही. आणि त्याच १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेब सांगत होते की हिंदू म्हणून मरणार नाही. संतांनी आपल्या घरी जेवावं की नाही, हा वाद पडद्यावर चालू होता. आपला माणूस तेव्हा घरच बदलायला निघाला होता.

आता त्या पोराच्या मान खाली जाण्याकडे येतो.

त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती मी लपवत नाही. आपण पण कात्री मागितली आहे. २००७ साली माधुरी दीक्षितचा 'आजा नचले' आला. त्याच्या गाण्यात चांभाराच्या कामाला हिणवणारी ओळ होती. आपले लोक रस्त्यावर आले, उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने पिच्चरवर बंदी घातली, निर्मात्यांनी माफी मागितली आणि ओळ काढली. २००९ ला 'बिल्लू बार्बर'मधला 'बार्बर' नाभिक संघटनांच्या हरकतीवरून गेला. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मग आज 'महार' शब्द गेला तर बोंब का मारतो? हा प्रश्न सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे.

शब्द तोच असतो, पण तो बोलतो कोण आणि कशाला, त्यावर सगळं ठरतं. गाण्यातली ती ओळ शिवी होती. शिवी काढली तर जगाचं काही कमी होत नाही. 'फुले'मधला 'महार' ही शिवी नव्हती, साक्ष होती. कुणाला पाणी नव्हतं? कुणाच्या पोरांना शाळा नव्हती? नाव सांगितल्याशिवाय साक्ष होत नाही. कोर्टात साक्षीदाराला नाव विचारतात की नाही? शिवी कापणं म्हणजे जखमेतला काटा काढणं. साक्ष कापणं म्हणजे पंचनाम्यातून जखमच काढणं. बोर्ड दोन्हीला एकच कात्री लावतं आणि वर म्हणतं, बघा, तुमच्याच भावना जपल्या. भावना आमच्या, आणि आक्षेप घेणारे कोण, तेही बघा.

आणि मित्रा, तुझी मान खाली जाते ती शब्दामुळे नाही. शेजारी बसलेल्या मित्राची मान 'पेशवाई' शब्दाला खाली जात नाही म्हणून तुझी जाते. त्याने पूर्ण पिच्चर बघितला असता तर प्रश्न त्याला पडायला हवा होता. कापलेल्या पिच्चरने त्याला सोडवलं, तुला नाही.

पण सगळा दोष बोर्डावर ढकलून मी मोकळा होणार नाही. बोर्डाच्या आधी एक कात्री असते, बाजाराची. तिचा त्रिकोण कुठल्याच सर्टिफिकेटवर येत नाही.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' एप्रिल २०१६ ला आला. परश्या मासे धरणाऱ्या घरातला, आर्ची पाटलाची. वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली पाटलाचं पोर वाजवतं, आणि वर घरी त्याचं कौतुक. जात तिथं भाषण देत नाही, विहिरीसारखी गावात असते. शेवट सगळ्यांना माहीत आहे. माहेरचे भेटी घेऊन येतात. शेजारीण लेकराला घेऊन परत येते, तर घरात आई-बाप रक्तात. लेकरू रक्तात पाय भरवून रडत बाहेर निघतं आणि फरशीवर लहान लहान पावलं उमटत जातात. थेटरातून बाहेर पडताना कुणी बोलत नव्हतं.

२०१८ च्या जुलैत याचीच हिंदी आवृत्ती आली, 'धडक'. करमाळ्याच्या मुलखातून गोष्ट उचलून उदयपूरला नेली. 'झिंगाट' हिंदीत गेलं, वाजलं, नाचलं. जात मात्र वाटेत कुठंतरी उतरली. तोंडी लावण्यापुरती राहिली. आणि शेवट बदलला. हिंदीत पोरगा आणि लेकरू दोघं मारले जातात, वरून खाली फेकून. जिवंत राहते ती राजघराण्यातली लेक.

फरक नीट बघा. दोन्हीकडे खून आहे, दोन्हीकडे रडू येतं. कुणी म्हणेल, हिंदी शेवट जास्त क्रूर, लेकराला पण सोडलं नाही. मला उलटं वाटतं. 'सैराट'मध्ये जो मागे उरतो त्याच्या अंगात दोन्ही रक्तं आहेत आणि पायाला आई-बापाचं रक्त आहे. तो मोठा होणार. तो विचारणार. मंजुळेंनी ते लेकरू आपल्या अंगावर सोडलंय, सांभाळा म्हणून. 'धडक'ने विचारणाराच ठेवला नाही. दुःख उरलं ते वाड्यातल्या पोरीचं, म्हणजे आपण रडायचं तेही वाड्यासाठी. इथं बोर्डाने एक फूट फिल्म कापली नाही. तरी 'सैराट'मधून जे कापायचं ते कापून झालं. आता 'धडक २'ने हिंदीत जातीचं नाव घ्यायचं धाडस केलं, तर तिथं बोर्ड हजर. बाजाराकडून सुटलेलं बोर्डाने धरलं.

कापलेलं परत जोडतात का? जोडतात की. थाटामाटाने जोडतात. फक्त कुणाचं, ते बघावं लागतं.

मी 'शोले' तीन वेळा तीन प्रकारचा बघितला. पहिला जत्रेच्या तंबूत. त्यात शेवटी पोलीस येतात आणि गब्बरला ठाकूरच्या हातून, हात म्हणजे पायातून, सोडवून नेतात. दुसरा व्हिडिओच्या कॅसेटवर. त्यात पोलीस वेळेवर येतच नाहीत. खिळे ठोकलेल्या जोड्यांनी ठाकूर गब्बरला तुडवतो आणि गब्बर मरतो. हा मूळ शेवट. पिच्चर १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, आणीबाणी चालू होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊ नये म्हणून बोर्डाने शेवट बदलायला लावला, रमेश सिप्पींना नवा शेवट चित्रित करावा लागला. पन्नास वर्षांनी, जून २०२५ मध्ये, इटलीतल्या बोलोन्या शहरात मूळ शेवटासकट दुरुस्त केलेली प्रत दाखवली. डिसेंबरात ती भारतातल्या थेटरांत लागली. तो माझा तिसरा 'शोले'.

माझा याला विरोध नाही. कलावंताचा शेवट कलावंताला परत मिळाला, चांगलं झालं. आणीबाणीचं एक तरी कापलेलं जोडलं गेलं. पण विचार करा. पन्नास वर्षं जपून ठेवून, एकेक चौकट धुऊन, परदेशात मान देऊन जे परत आणलं तो होता ठाकूरचा राग. कापलेल्या भागात आणखी एक तुकडा होता. नोकर रामलाल मालकाच्या जोड्यांना खिळे ठोकत बसतो. रामलालची जात पिच्चर सांगत नाही, मीही सांगत नाही. पण जोड्याला खिळे कोण ठोकतो आणि तुडवण्याचा मान कुणाला मिळतो, हे पूर्ण प्रतीतही जसंच्या तसं आहे. रामलालला राग येतो की नाही, हे कळायला कुठलीच लांब प्रत नाही. ते कधी चित्रितच झालं नाही. जे लिहिलंच नाही ते कुठल्या डब्यात सापडणार?

बाहेरच्या देशांतही हेच. जर्मनीत फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७ च्या जानेवारीत बर्लिनला लागला. वर मालकांचं शहर, जमिनीखाली मजुरांचं. अमेरिकेत दाखवण्यासाठी तो पार कापला. जे कापलं त्यात एका मजुराची गोष्ट होती. तो मालकाच्या पोराशी कपडे बदलतो आणि काही तास वरच्या शहरात हिंडतो. त्याच्या टोपीवर आकडा आहे, ११८११. म्हणजे मजूर यंत्रावर उभा आहे तोवर ठेवला. मालकाच्या कपड्यात हिंडायला लागला की कापला. ऐंशी वर्षांनी, २००८ मध्ये, अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या संग्रहालयात एक खराब, ओरखडलेली प्रत सापडली, आणि २०१० ला तो मजूर परत पडद्यावर आला. प्रतीवरचे ओरखडे पूर्ण गेले नाहीत. मला ते ओरखडे आवडतात. ते बघितलं की कळतं, हा माणूस मध्ये कापलेला होता.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा न कापलेला मजकूर कुठला, ते सांगतो. तो पिच्चर नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी मागितलं, वाचलं, घाबरले. अमुक भाग गाळा, तमुक बदला. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच बारगळली. तर त्यांनी काय केलं? व्यासपीठ गेलं म्हणून रडत बसले नाहीत. स्वतःच्या पैशाने पंधराशे प्रती छापल्या. आणि दुसऱ्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा गांधींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका त्यात घातली आणि खाली स्वतःचं उत्तर. विरोधकालाही कापलं नाही. याला म्हणतात वाढीव आवृत्ती.

मला वाटतं, आपल्या समीक्षेचा नियम इथूनच घ्यावा. पूर्ण प्रत कुणी मेहेरबानीने पन्नास वर्षांनी देईल, ही वाट आपण बघायची नाही. छापखाना ज्याचा, प्रत त्याची. आपला हा अंक स्टेन्सिलवर निघतो, शाई हाताला लागते, अक्षर कुठं पुसट येतं. पण यात तीन हजार म्हणजे तीन हजारच राहतं.

म्हणून पोरांनो, काही कामं. एखाद्या पिच्चरमधलं आपलं काही कापल्याची बातमी आली की कात्रण ठेवा, तारीख घाला, फाइल करा. तो पिच्चर वस्तीत दाखवाल तेव्हा सुरू करायच्या आधी कापलेल्या शब्दांची यादी मोठ्याने वाचा, म्हणजे पडद्यावर नसलेलं कानात राहील. आणि पिच्चर आपल्या बाजूचा आहे म्हणून त्याला सोडू नका. 'फुले' मला पिच्चर म्हणून सपाट वाटला, शाळेतल्या धड्यासारखा. न कापता आला असता तरी सपाटच वाटला असता. कापलेला असणं हे चांगलं असण्याचं सर्टिफिकेट नव्हे. पण सपाट असण्याचा हक्क पण पूर्ण पिच्चरलाच असतो.

शेवटचं काम अवघड आहे. आपली स्वतःची कात्री बघा. आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या चित्ररथावर दर वर्षी संविधान असतं, संसद असते, निळा कोट असतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली, ती आग मी आमच्या चित्ररथावर कधी बघितली नाही. का? पोलीस परवानगी देताना कटकट करतील, वर्गणी देणारा दुकानदार नाराज होईल. म्हणजे बोर्ड आपल्या मंडपातच बसलंय. मनूचं नाव पिच्चरमधून काढलं म्हणून आपण ओरडतो, आणि ट्रॅक्टरवरून आपणच काढतो.

त्या इंजिनिअरिंगच्या पोराला मी हा लेख छापायच्या आधी वाचायला दिला. त्याने वाचला, दोन जागी शुद्धलेखन दुरुस्त केलं. मग म्हणाला, "दादा, यंदाच्या चित्ररथाचं डिझाइन मी करतो. आग दाखवायची तर लाल बल्ब लागतील, वर्गणी जास्त काढावी लागेल."

काढू.